कार्बोलिक वकील

तोंडात थर्मामीटर धरून कोर्टात बसणारा वकील मी आयुष्यात एकच पाहिला. समोरच्या पक्षाचा वकील तावातावाने बोलत असायचा आणि हे डोळे मिटून, ओठ घट्ट आवळून, जिभेखाली ती काचेची नळी सांभाळत बसलेले. समोरच्याचे बोलणे संपले की नळी काढायची, खिडकीच्या उजेडात धरून बघायची, दोनदा झटकायची आणि मगच उभे राहायचे. ताप कधीच नसे. ठाण्याच्या कोर्टातले जुने न्यायाधीश याला सरावले होते. नव्याने बदलून आलेल्या एकांनी काळजीने विचारले, "वकीलसाहेब, बरं नाही का तुम्हाला?" त्यावर हे म्हणाले, "सध्या बरा आहे साहेब. दुपारचं सांगता येत नाही."

त्यांना सगळे कार्बोलिक वकील म्हणत. कोर्टाच्या पायऱ्या त्यांच्याआधी त्यांच्या साबणाचा वास चढत असे. नाव त्यांना ठाऊक होते, आणि त्यात चिडण्यासारखे काय आहे ते त्यांना कळत नसे. कोणाला नुसते 'वकील' म्हणण्यापेक्षा 'स्वच्छ वकील' म्हटले तर ती स्तुतीच झाली, असे त्यांचे मत होते.

डॉक्टर, वैद्य, कंपाउंडर, सुईणी, देवी टोचणारे, दवाखान्याशी संबंध असलेले कुठलेही भांडण ठाणे-कल्याण भागात उपटले की ते फिरून फिरून यांच्या दारी येई. हा धंदा त्यांनी मुद्दाम निवडलेला नव्हता. माणसे देवाच्या भीतीने पोथ्या वाचतात, तशी यांनी रोगांच्या भीतीने वैद्यकाची जाडजूड पुस्तके वाचून काढली होती. वाचता वाचता इतके ज्ञान साठले की पुढे साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहायचे म्हटले की डॉक्टरांना घाम फुटायचा. एक तर हे त्यांना त्यांच्याच पुस्तकातले विचारत. दुसरे म्हणजे, प्रत्येक उलटतपासणीत एक प्रश्न ते स्वतःच्या प्रकृतीचा घुसवत. शहापूरकडच्या एका वैद्यबुवांच्या भस्माने कोणाचे तरी पोट बिघडले होते, त्या खटल्यात यांनी सगळे विचारून झाल्यावर हळूच विचारले, "डाव्या कुशीवर झोपलं की छातीत धडधडतं. त्यावर आपण काय द्याल?" न्यायाधीश म्हणाले, "या प्रश्नाचा दाव्याशी काही संबंध?" हे म्हणाले, "दाव्याशी नाही साहेब. माझ्याशी आहे." वैद्यबुवा भला माणूस. त्याने उजव्या कुशीवर झोपायला सांगितले. दावा तो हरला, पण यांना तेव्हापासून गुण आला होता.

माझी आणि त्यांची गाठ पडली ती अक्कामुळे.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. आम्ही डोंबिवलीला राहत होतो आणि ती कल्याणच्या एका मुलींच्या शाळेत शिकवायची. वडील गेल्यावर घर तिने सावरले, मला शिकवले, आईला धीर दिला आणि हे सगळे करताना स्वतःचे लग्न करायचे राहून गेले, असे ती म्हणायची. मला वाटते, ते राहून गेले नव्हते. तिला शाळाच हवी होती. मग तिला क्षय झाला. घाटावरच्या एका सॅनेटोरियममध्ये वर्षाहून अधिक काळ राहून, नवी इंजेक्शने घेऊन ती बरी होऊन परत आली. गाल भरले होते, खोकला गेला होता, डॉक्टरांचे सर्टिफिकेट हातात होते. ती शाळेत गेली तेव्हा मुख्याध्यापिकेने तिला दारातच सांगितले, "थोडी विश्रांती घ्या. मंडळाचं कळवते." मंडळाचे काही आले नाही. तिच्या वर्गावर दुसऱ्या बाई आल्या होत्या.

अक्का रडली नाही की चिडली नाही. ती रोज सकाळी शाळेच्या वेळेला इस्त्रीचे पातळ नेसून, अंबाडा घालून, दाराजवळच्या खुर्चीत बसायची. गाडीची वेळ टळली की उठून घरातले पातळ नेसायची. आई माझ्याकडे बघायची आणि मी पेपरात तोंड खुपसायचो. असे बरेच दिवस चालल्यावर मी आईला म्हणालो, "वकील बघतो."

वकील बघणे म्हणजे स्थळ बघण्यासारखेच निघाले. कल्याणात वकील भरपूर होते, पण तो काळ कूळकायद्याचा. ज्याच्या त्याच्या ओसरीवर जमीनमालक आणि कुळे आमनेसामने बसलेली. एकांनी माझे ऐकून घेतले आणि म्हणाले, "आमचं काम जमिनीचं. सातबारा आणा, सांगतो. छातीचे फोटो आम्हाला वाचता येत नाहीत." दुसऱ्यांचे साडू शाळेच्या मंडळात होते. तिसऱ्यांनी 'क्षय' हा शब्द ऐकल्याबरोबर मुलाला आत पाठवले आणि मला दार दाखवले. पण दार लावता लावता त्यांनीच सांगितले, "तुम्ही असं करा, ठाण्याला जा."

आमच्याकडे 'ठाण्याला जा' याचा अर्थ जगजाहीर आहे. तिथे वेड्यांचे मोठे इस्पितळ असल्यामुळे, कोणी विचित्र वागले की त्याला ठाण्याला पाठवायची भाषा होते. मी घरी येऊन "वकिलांनी ठाण्याला जायला सांगितलंय" म्हटले, तेव्हा अक्का कितीतरी दिवसांनी हसली. म्हणाली, "जाऊन ये. दोघांचंही तिकीट काढायला लागेल बहुतेक."

ठाण्यात जांभळी नाक्याच्या मागच्या आळीत कार्बोलिक वकिलांचे बैठे घर होते. दारात तिवईवर निळ्या काठाचे तामचिनीचे घमेले, त्यात परमँगनेटचे गुलाबी पाणी. हात बुडवल्याशिवाय आत प्रवेश नाही. अंगणात दोरी बांधलेली आणि तिच्यावर धोतरांच्या शेजारी, लाकडी चिमट्यांनी अडकवलेले कोर्टाचे कागद उन्हात वाळत होते. अशिलाने आणलेला कुठलाही कागद दिवसभर ऊन खाल्ल्याशिवाय ते हातात घेत नसत. वाऱ्याने एखादे कैफियतीचे पान शेजारच्या परसात उडून जाई, आणि काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, शांतपणे जाऊन ते घेऊन येत.

मी हात बुडवून आत गेलो. उंच, सडपातळ, टक्कल घासूनपुसून चकचकीत केलेले गृहस्थ खिडकीपासून दूर बसले होते.

"तक्रार कसली?" त्यांनी विचारले.

"माझी नाही. बहिणीची आहे. तिला क्षय होता."

खुर्ची रिकामी झाली. माणूस इतक्या चपळाईने नाहीसा झालेला मी पाहिला नव्हता. आतल्या खोलीतून आवाज आला, "होता म्हणजे?"

"आता बरा झालाय."

"कोण म्हणतं?"

"सॅनेटोरियमचे डॉक्टर."

"डॉक्टर काय, म्हणतात." मी उठायच्या बेतात होतो, तोच पुन्हा आवाज आला, "एक्स-रे आणलाय?"

त्यांनी मला दोन्ही फोटो खिडकीच्या काचेला लावून अंगणात जायला सांगितले. मी दोरीवरच्या कागदांखाली उभा राहिलो. काकूंनी तिथेच चहा आणून दिला. मी म्हणालो, "साहेबांची प्रकृती फार नाजूक दिसते." काकू म्हणाल्या, "लग्न झाल्यापासून साधं पडसं झालेलं नाही ह्यांना. तेच तर ह्यांचं दुखणं आहे."

काही वेळाने ते नाकाला रुमाल लावून उंबऱ्यात आले. डोळे मात्र चमकत होते. "हा आधीचा फोटो. इथे वर, डाव्या बाजूला, भोक होतं. हा आत्ताचा. पूर्ण बुजलंय. काय सुरेख बुजलंय हो! गवंड्याला जमणार नाही असं."

"मग केस घेता?"

"नाही घेत. मला झोप लागणार नाही."

स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज आला, "नाही घेतलीत तरी लागणार नाहीये. घेऊन टाका."

अक्काला भेटायचे ठरले ते तलावपाळीवर, उघड्या हवेत. आम्ही गेलो तर ते आधीच येऊन थांबले होते. बरोबर फिरकीचा तांब्या. बाहेरचे पाणी ते पीत नसत. उकळून गार केलेले पाणी त्या तांब्यात असे. त्यांनी झाकण फिरवून काढले, पाण्यात बोट बुडवले, ते वर धरून वाऱ्याचा अंदाज घेतला आणि अक्काला एका बाकावर बसायची खूण केली. स्वतः चांगले लांब, दुसऱ्या बाकावर बसले. वारा त्यांच्याकडून अक्काकडे वाहत होता.

"संध्याकाळी कणकण येते का?" त्यांनी तिकडून विचारले.

"ऐकू येत नाही," अक्का म्हणाली. "वर्गात शेवटच्या बाकावरची मुलगी याहून मोठ्यांदा बोलते."

"ओरडलं की घसा बसतो माझा."

मधे एक शेंगदाणेवाला टोपली घेऊन उभा होता. त्याने दोघांकडे पाहिले आणि आपणहून काम अंगावर घेतले. "साहेब इचारतायत, संध्याकाळी कणकण येते का?"

"नाही येत म्हणावं."

"नाय येत बोलतात."

"रात्री घाम?"

"घाम येतो काय बाई?"

"नाही."

"भूक लागते का विचार."

या वेळी अक्काने स्वतःच, वर्गातल्या आवाजात, सरळ त्यांच्याकडे बघत सांगितले, "शाळेची लागते."

शेंगदाणेवाल्याने हे काही पुढे कळवले नाही. वकीलसाहेबांनी नाकावरचा रुमाल खाली घेतला, अक्काकडे नीट पाहिले आणि रुमाल पुन्हा वर नेला. दावा लावला तर निकाल लागेपर्यंत बाई निवृत्त होतील, म्हणून आपण मंडळाच्या बैठकीतच जाऊन उभे राहू, असे त्यांनी सांगितले. तिथे नाही जमले तर मग कोर्ट आहेच, पण ती वेळ आली तर शाळा गेलीच म्हणून समजा, असेही सांगितले. गोड बोलणे त्यांच्या पुस्तकांत नव्हते.

बैठक शाळेतच, रविवारी सकाळी होती. अध्यक्ष म्हणजे निवृत्त मामलेदार, करड्या मिशांचे. शेजारी चिटणीस, दोन व्यापारी आणि गावातले एक डॉक्टर. वकीलसाहेबांनी आल्या आल्या आपली खुर्ची पुसली, उचलली आणि दाराजवळ, अक्कापासून जास्तीत जास्त लांब नेऊन ठेवली. रुमाल नाकाला. मला तेव्हा त्यात काही वावगे वाटले नाही. एव्हाना मलाही त्यांची सवय झाली होती.

मग चहा आला. शिपायाने सगळ्यांपुढे पांढऱ्या कपबश्या ठेवल्या. अक्कापुढे त्याने एक वेगळीच कपबशी ठेवली. निळ्या फुलांची, कपाचा कान तुटलेला. ठेवताना तो म्हणाला, "च्या घ्या बाई," पण त्याने मान वर केली नाही. याच शाळेत ती इतकी वर्षे शिकवत होती. अक्काने त्या कपाकडे पाहिले, दोन्ही हातांनी तो उचलला, एक घोट घेतला आणि खाली ठेवला. तिच्या मानेची शीर ताठ झालेली मला दिसली. मला त्या माणसांचा इतका राग आला की मी खुर्चीचा हात धरून बसलो.

वकीलसाहेबांनी मात्र काम चोख केले. वाळवलेले कागद एकेक करून पुढे केले, फोटो खिडकीला लावले, थुंकीच्या तपासण्या वाचून दाखवल्या. गावातल्या डॉक्टरांनी सगळे पाहून कबूल केले, "रिपोर्ट चांगले आहेत. माझी वैद्यकीय हरकत नाही." व्यापारी चुळबुळ करू लागले. मला वाटले, जमले.

अध्यक्षांनी बशीतला चहा संपवला, मिशा पुसल्या आणि हसून म्हणाले, "वकीलसाहेब, कागद तुमचे बिनचूक आहेत. पण एक सांगा. धोका नाही म्हणता, तर आपण स्वतः बाईंपासून इतक्या लांब का बसला आहात? आणि हा रुमाल? तुम्ही शिकलेले, तुम्हाला सगळं कळतं, तरी तुम्ही जवळ बसत नाही. मग मुलींच्या आईबापांना आम्ही काय सांगायचं?"

ज्याला शोधत मी दारोदार हिंडलो, त्या माणसाचीच सवय अक्काच्या विरुद्ध साक्षीला उभी राहिली होती. अक्का मांडीवरच्या हातांकडे बघत होती. गेले कित्येक दिवस सकाळच्या वेळेला ती घरी तशीच बसायची.

वकीलसाहेब पांढरेफटक पडले. ते उठले. खुर्ची उचलून आणली आणि अक्काच्या शेजारी, अगदी खेटून ठेवली. रुमाल घडी करून खिशात घातला. मग त्यांनी तो कान तुटलेला कप उचलला, उरलेला चहा बशीत ओतला आणि बशी तोंडाला लावली. निम्मा चहा कोटावर सांडला. उरलेला त्यांनी प्यायला. प्यायला म्हणजे काय, डोळे गच्च मिटून गिळला. बाहेरचा चहा न घेणारा, अशिलाचा कागद उन्हाशिवाय न शिवणारा तो माणूस.

"मी भित्रा आहे," ते म्हणाले. "मला पडशाची भीती वाटते, पाण्याची वाटते, डासाची वाटते. आता या क्षणी मला काय वाटतंय ते तुम्हाला सांगता येणार नाही. पण अध्यक्षमहाराज, माझी भीती हा पुरावा नाही. तुमचीही नाही. पुरावा तो आहे, त्या खिडकीला लावलेला."

ते गावातले डॉक्टर खाकरले आणि शिपायाला म्हणाले, "चहा निवला रे. सगळ्यांना पुन्हा आण. बाईंनाही. आणि कप एकसारखे आण."

दिवाळीच्या सुट्टीनंतर अक्काने कामावर हजर व्हावे, असे ठरले. अध्यक्षांनी ते वाचून दाखवले तेव्हा अक्का नुसती "बरं" म्हणाली. ती रडली ती बाहेर आल्यावर, शाळेच्या नळापाशी. आणि तेही पुरते नाही, कारण तिथे वकीलसाहेब ओणवे होऊन, खिशातली परमँगनेटची पुडी पाण्यात कालवून, गुळण्यांवर गुळण्या करत होते आणि त्यांचे हात मोकळे नव्हते. अक्काने डोळे पुसले, त्यांचा फिरकीचा तांब्या घेतला आणि त्यांच्या ओंजळीत पाणी ओतू लागली.

"चहा कसा होता?" तिने विचारले.

"पाणचट." त्यांनी आणखी एक गुळणी टाकली. "राग मानू नका बाई. तुमच्या कागदांवर माझा पूर्ण विश्वास आहे. माझ्या घशाचा भरवसा नाही."

कोणाला वाटेल की या प्रसंगाने त्यांची भीती गेली. कसली जाते? पुढचे सहा महिने ते दर आठवड्याला वजन करत आणि कमी भरले की काट्याला दोष देत. स्वतःच्या छातीचा फोटो काढून आणला आणि तो खिडकीला लावून, आलेल्या प्रत्येक अशिलाला विचारत, "इथे जरा सावली वाटते का हो?" अक्का शाळेत रुजू झाल्यावर पेढे घेऊन आम्ही गेलो, तर तिला पुन्हा लांब, खिडकीपाशी बसवले आणि पेढे दोरीवर टांगता येत नाहीत म्हणून ताटात घालून उन्हात ठेवले. अक्का परत येताना वाटभर हसत होती. "माझ्यासाठी तो माणूस जीव टाकेल," ती म्हणाली, "पण पेढा खाणार नाही." त्यानंतर दर दिवाळीला ती त्यांच्याकडे जायची, आणि काकू दोघांना दोन टोकांना बसवून मधे फराळाचे ताट ठेवायच्या.

मग एका वर्षी फ्लूची साथ आली. घरोघर माणसे आडवी झाली, शाळा बंद पडल्या. ठाण्याहून कोणीतरी सांगितले, कार्बोलिक वकिलांना ताप आला आहे. अक्काने पायात चपला घातल्या. मी मागोमाग निघालो.

काकू दारातच भेटल्या. थकल्या होत्या, पण हसल्या. "अखेर झाला बाई ह्यांना आजार. थर्मामीटर बघून म्हणाले, मी सांगत नव्हतो?" घमेल्यात हात बुडवून आम्ही आत गेलो. ते पलंगावर पडले होते. चेहरा उतरला होता, डोळे तांबारले होते. अक्का दिसताच त्यांनी धडपडत उशीखालचा रुमाल काढून तोंडावर धरला.

"लांब. लांब बसा बाई. तुमची छाती बरी झालेली आहे. माझं तुम्हाला लागता कामा नये."

इतक्या वर्षांत त्यांचा रुमाल दुसऱ्या कोणासाठी नाकावर गेलेला मी पहिल्यांदाच पाहिला. काय करावे ते न सुचून मी टेबलावरचे, दोरीवरून काढून ठेवलेले कागद नीट लावू लागलो.

अक्का दाराशी उभी होती. "भीती हा पुरावा नाही, असं कोणीतरी म्हणालं होतं," ती म्हणाली.

"अहो, पण हा ताप खरा आहे. आधी वारा बघा, वारा."

"बघते." ती खोलीतल्या तिवईवरच्या फिरकीच्या तांब्यापाशी गेली. झाकण फिरवून काढले, पाण्यात बोट बुडवले आणि ते खिडकीच्या दिशेने वर धरले. वकीलसाहेब रुमालावरून तिच्याकडे टक लावून बघत होते.

"तुमच्याकडून माझ्याकडे येतोय," ती म्हणाली, आणि खुर्ची उचलून तिने त्यांच्या पलंगाला अगदी खेटून ठेवली.